विरुद्ध सिद्ध होईपर्यंत

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 या कायद्याच्या 157 व्या कलमाचा आशय असा की अधिकार-अभिलेखातील नोंद, तसेच फेरफाराच्या नोंदवहीतील प्रमाणित नोंद, तिच्या विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत अथवा तिच्या जागी रीतसर दुसरी नोंद होईपर्यंत, खरी आहे असे मानून चालावे. वाशिम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात धनज येथे एखाद्या खातेदाराला पीककर्ज मिळते, त्याच्या शेताची खरेदी-विक्री होते, त्याच्या पश्चात वारसांची नावे चढतात, ते सर्व व्यवहार या एका गृहीतावर उभे असतात. कर्ज देणारा अधिकारी त्या जमिनीचा इतिहास निजामशाहीपर्यंत मागे जाऊन तपासत नाही. तो सात-बाराचा उतारा पाहतो, त्यावर ज्याचे नाव त्याला धनी मानतो आणि पुढच्या कामाला लागतो. या मानण्याला ज्ञान म्हणता येत नाही, कारण नोंद चुकीची असू शकते हे कायद्यानेच कबूल केले आहे. आणि त्याला निव्वळ अंदाज म्हणणेही अन्यायाचे होईल, कारण त्यामागे चौकशी आहे, नोटीस आहे, हरकतीची मुदत आहे, प्रमाणित करणाऱ्या मंडळ अधिकाऱ्याची सही आहे. ज्ञान आणि अंदाज यांच्या मधल्या या विस्तीर्ण प्रदेशात माणसाचे बहुतेक आयुष्य जाते, आणि तरीही तर्कशास्त्राने या प्रदेशाची मोजणी करण्याचे काम फार उशिरा, म्हणजे यंत्राला विचार शिकविण्याची वेळ आली तेव्हा, हाती घेतले. त्या मोजणीतून जे निष्पन्न झाले त्याचा एक भाग आपल्या सार्वजनिक जीवनाला अत्यंत निकडीचा आहे, असे मला वाटते. अपुऱ्या माहितीवर निष्कर्ष काढणे हा विचाराचा दोष नव्हे, तो विचाराचा नित्यधर्म आहे. दोष आहे तो निष्कर्षाबरोबर त्याचा आधार जपून न ठेवण्यात आणि तो आधार ढळला असता निष्कर्ष मागे घेण्याची वाट बंद करण्यात.

अभिजात निगामी तर्कशास्त्राचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. आधारविधानांतून एकदा जे निष्पन्न झाले ते नव्या माहितीने कधीही ढळत नाही. आधारांत भर पडली की निष्कर्षांत भर पडेल, घट मात्र कदापि होणार नाही. या धर्माला आधुनिक तर्कशास्त्रज्ञ मोनोटोनिक म्हणतात. आपण एकदिश म्हणू. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी, हे सिद्ध झाल्यावर तो त्रिकोण मोठा की लहान, शाईने काढला की खडूने, या माहितीने त्या सिद्धांताचा केसही वाकडा होत नाही. भूमितीचे वैभव याच धर्मात आहे, आणि दोन हजार वर्षे विचाराचा आदर्श म्हणून भूमितीच समोर ठेवली गेल्यामुळे, जो निष्कर्ष पुढे मागे घ्यावा लागतो तो मुळात तर्कच नव्हे, ती घाई होती, असा एक समज सुशिक्षितांत रूढ झाला.

हा समज व्यवहाराच्या पहिल्याच धडकेत मोडतो. समजा, धनजचा एक तरुण कामासाठी घर सोडून गेला आणि ज्यांना त्याची खबर लागणे स्वाभाविक होते अशा कुणालाही सात वर्षे त्याची खबर लागली नाही. 1872 च्या भारतीय पुरावा अधिनियमाने, आणि आता त्याची जागा घेतलेल्या 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही, अशा वेळी तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर टाकला आहे; म्हणजे फलतः तो मयत धरला जातो. वारसांची नोंद होते, कदाचित शेताचा एक तुकडा विकला जातो. आणि आठव्या वर्षी तो तरुण एस.टी.तून उतरतो. येथे आधीच्या माहितीतले एकही विधान खोटे ठरलेले नाही; सात वर्षे खबर नव्हती हे आजही खरेच आहे. केवळ एका नव्या विधानाची भर पडली आणि निष्कर्ष नाहीसा झाला. एकदिश तर्कशास्त्रात ही गोष्ट घडूच शकत नाही, आणि कोणत्याही दिवाणी न्यायालयात ती घडू शकते. तत्त्वज्ञांपैकी ज्यांनी हा भेद आधी ओळखला त्यांत एच. एल. ए. हार्ट हा कायद्याचा माणूस होता, याचे म्हणूनच नवल वाटत नाही. विशिष्ट घटना घडताच लयाला जाणारे हक्क ही इंग्लंडच्या स्थावर मिळकतीच्या कायद्यातील कल्पना उचलून, कायद्यातील कितीतरी विधाने ‘अमुक अपवाद न निघाल्यास’ एवढ्या अटीवरच उभी असतात, असे त्याने 1949 च्या सुमारास मांडले. हा विचार जमिनीच्या हक्कांतून निघाला आणि तर्कशास्त्रात नंतर गेला, हे सात-बाराचा विचार करणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

यंत्रबुद्धीच्या क्षेत्रात जॉन मॅकार्थी याने 1959 साली, यंत्राला साधा व्यवहारी शहाणपणा तर्कशास्त्राच्या भाषेत शिकवावा, अशी योजना मांडली, आणि त्या योजनेला लागलेली पहिली मोठी ठेच हीच होती. पक्षी उडतात, असे यंत्राला सांगावे तर शहामृग आडवा येतो. शहामृग वगळावा तर पंख छाटलेला पोपट, मेलेली चिमणी, अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू, अशी अपवादांची रांग संपतच नाही. अपवादांची यादी पुरी झाल्यावरच अनुमान करू म्हणणारे यंत्र एकही अनुमान करू शकणार नाही. मार्विन मिन्स्कीने सत्तरीच्या दशकाच्या मध्याला या अडचणीवरून तर्कशास्त्राचा मार्गच टाकाऊ ठरविला. त्याला उत्तर म्हणून 1980 साली ‘आर्टिफिशल इंटेलिजन्स’ या नियतकालिकाच्या तेराव्या खंडात तीन निबंध एकत्र आले. रेमंड रायटरने गृहीत नियमांचे तर्कशास्त्र मांडले, मॅकार्थीने अपवादांचे क्षेत्र शक्य तितके आकुंचित मानण्याची पद्धत सांगितली, आणि ड्रू मॅकडरमॉट व जॉन डॉइल यांनी निष्कर्ष मागे घेऊ देणाऱ्या तर्कशास्त्राची तिसरी रचना पुढे केली. या तिघांत रायटरची रचना मला सर्वांत पारदर्शक वाटते. त्याच्या नियमाला तीन अंगे असतात: जे ज्ञात असले पाहिजे ते, ज्याच्या विरुद्ध काही ज्ञात नसले पाहिजे ते, आणि मग जो निष्कर्ष काढता येतो तो. समोरचा प्राणी पक्षी आहे हे कळते, म्हणून तो उडतो असे मानावे. मात्र त्याचे उडणे आजवरच्या माहितीशी विसंगत नसावे. महसूल संहितेच्या 157 व्या कलमाची घडण अंगोपांगांसह हीच आहे: नोंद आहे, विरुद्ध काही सिद्ध नाही, म्हणून नोंद खरी.

सामान्य नियम आणि त्याचा अपवाद यांचा विचार हा मराठी वाचकाला परका नाही. पतंजलीच्या महाभाष्यात एक दृष्टांत येतो: ब्राह्मणांना दही वाढावे अशी आज्ञा आहे, आणि त्यांतल्या कौंडिन्याला ताक द्यावे अशी दुसरी आज्ञा आहे. कौंडिन्यही ब्राह्मणच, मग त्याला दही आणि ताक दोन्ही मिळावे काय? वैयाकरणांचे उत्तर, त्याला ताकच मिळावे. येथे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण दही आणि ताक या दोहोंत कोणताही तार्किक विरोध नाही; एकाच पानावर दोन्ही सुखाने वाढता येतील. रायटरच्या नियमाला विसंगतीखेरीज दुसरे काही अडवू शकत नाही, म्हणून त्याच्या पंगतीत कौंडिन्याला दोन्ही मिळाले असते. वैयाकरणांनी मात्र ओळखले होते की विशेष आज्ञा मुळात सामान्य आज्ञेच्याच क्षेत्रात सांगितलेली असते, आणि ती सामान्याला बाजूस सारण्यासाठीच आहे असे न मानल्यास बोलणाऱ्याचा हेतू वाया जातो. अपवादाने उत्सर्गाचा, म्हणजे सामान्य नियमाचा, बाध होतो, तो वक्त्याच्या हेतूमुळे, विरोधामुळे नव्हे.

हा विचार ज्याने अखेरच्या रूपात शिस्तीने बांधला तो नागेशभट्ट काळे हा काशीत वास करणारा महाराष्ट्रीय पंडित होता. अठराव्या शतकातील त्याच्या परिभाषेंदुशेखर या ग्रंथात, दोन नियम एकाच ठिकाणी लागू होऊ पाहतात तेव्हा कोणता बलवत्तर, याची क्रमवारी लावलेली आहे: सूत्रपाठात आधीच्यापेक्षा नंतरचा, त्याहून नित्य, त्याहून अंतरंग, आणि सर्वांहून अपवाद. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचा अध्यापक असताना फ्रान्झ किलहॉर्न याने 1868 ते 1874 या काळात हा ग्रंथ मुंबई संस्कृत मालेतून इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि पुढे काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरासाठी त्याची नवी आवृत्ती सिद्ध केली. म्हणजे बलाबलाचा हा विचार छापखान्यांतून आणि पाठशाळांतून गेली दीडशे वर्षे सहज उपलब्ध आहे, आणि यंत्रबुद्धीचे संशोधक ‘विशिष्टाने सामान्यावर मात करावी’ हा नियम ऐंशीच्या दशकात मोठ्या खटपटीने पुन्हा बांधत होते.

परंतु यावरून, आमच्याकडे हे सर्व आधीच होते, असा जयघोष करणे मला मान्य नाही, आणि तसे करण्याने नागेशाचाही गौरव होत नाही. पाणिनीय परंपरेतील अपवाद हे सांगितलेले, मोजलेले, सूत्रबद्ध अपवाद आहेत. कौंडिन्य कोण हे वाढप्याला ठाऊक असते. मॅकार्थीची अडचण निराळी होती. त्याच्या जगातले अपवाद कुणी सांगितलेले नाहीत, सांगून संपणारे नाहीत, आणि पुढच्या क्षणी कोणता उभा राहील हे ठाऊक नसतानाच पाऊल टाकावे लागते. उत्सर्गापवादाची व्यवस्था ज्ञात नियमांच्या परस्परसंबंधाची व्यवस्था आहे. यंत्रबुद्धीला हवी होती ती अज्ञानात वागण्याची. शिवाय आपल्या नैयायिकांनी, ज्याच्या हेतूला व्यभिचार आहे, म्हणजे जो हेतू साध्य नसतानाही कुठे तरी आढळतो, अशा अनुमानाला हेत्वाभासच ठरविले. त्यांचा आदर्श कडकच राहिला. दोन परंपरा एकमेकींच्या पूर्वज नाहीत. एकीने ज्या प्रश्नाचा अर्धा भाग उत्तम सोडविला तो दुसरीला नव्या अर्ध्या भागासह पुन्हा भेटला, एवढेच खरे आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

या नव्या अर्ध्या भागातला सर्वांत हट्टी प्रश्न काळाचा. मॅकार्थी आणि पॅट्रिक हेझ यांनी 1969 साली तो मांडला: एखादी घटना घडल्यावर काय बदलते हे सांगणे सोपे, परंतु काय बदलत नाही हे सर्व यंत्राला कसे सांगावे? माणूस येथेही एका गृहीतावर चालतो. जे काल होते ते, उलट कळेपर्यंत, आजही तसेच आहे. धनज 1853 पर्यंत निजामाच्या वऱ्हाडात होते. त्या वर्षी वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1903 मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला. 1950 नंतर मध्य प्रदेश, 1 नोव्हेंबर 1956 पासून द्वैभाषिक मुंबई, 1 मे 1960 पासून महाराष्ट्र. आणि 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला. या सबंध काळात गाव जागचे हलले नाही. ‘धनज अकोला जिल्ह्यात आहे’ असे 1998 च्या जूनमध्ये म्हणणारा बरोबर होता, आणि सप्टेंबरमध्ये तेच म्हणणाऱ्याची चूक होती. पण त्याची चूक आणि त्या बेपत्ता तरुणाला मयत धरणाऱ्याची चूक या दोन जातीच भिन्न आहेत. एकाच्या बाबतीत जग बदलले, दुसऱ्याच्या बाबतीत जग होते तसेच होते आणि केवळ आपली समजूत सुधारली. पहिल्या प्रकारात जुना निष्कर्ष त्याच्या काळापुरता खराच राहतो आणि त्यावर झालेले व्यवहारही खरे राहतात. दुसऱ्यात मुळापासून सर्व उकलून पाहावे लागते. दप्तराला हा भेद शतकभर ठाऊक आहे: खरेदीने धनी बदलला तर फेरफार होतो, लेखनाची चूक निघाली तर 155 व्या कलमान्वये दुरुस्ती होते. दोन वेगळ्या वाटा, दोन वेगळे परिणाम.

आता गृहीतांच्या परस्परविरोधाकडे वळू. मृग लागला, दोन चांगले पाऊस पडले, म्हणजे पेरावे, हा धनज परिसरातल्या शेतकऱ्याचा पिढ्यांचा नियम. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याखेरीज पेरू नये, हा कृषी खात्याचा सल्ला. आणि पुढे पावसाचा खंड संभवतो, हा हवामान खात्याचा अंदाज. तिन्ही सामान्यतः खरे, आणि एखाद्या जूनच्या मध्यास तिन्ही तीन दिशांना ओढणारे. तर्कशास्त्रज्ञांनी अशा प्रसंगी दोन वृत्ती सांगितल्या आहेत: जे सर्व पक्षांत समान तेवढेच मानणारी सावध वृत्ती, आणि एक सुसंगत पक्ष निवडून त्याच्यासह पुढे जाणारी धाडसी वृत्ती. पुस्तकात वाचताना सावध वृत्ती अधिक विवेकी वाटते. सोयाबीनच्या थैल्या घरात आणून ठेवलेल्या माणसाला मात्र काहीच न ठरविणे हेही एक ठरविणेच असते; वाफसा निघून जातो, हंगाम थांबत नाही, आणि उशिराच्या पेरणीचा उतारा कमी येतो. अनिर्णयाला तटस्थतेचा मान देणारे तर्कशास्त्र शेतीच्या उंबऱ्यावर अपुरे पडते.

आणि त्याहून मोठी उणीव अशी की निष्कर्ष मागे घेता येतो, बियाणे मागे घेता येत नाही. पेरून झाल्यावर पंधरा-वीस दिवसांचा खंड पडला, कोंब करपले, तर ‘आता पेरणे योग्य’ हे अनुमान शेतकरी एका क्षणात सोडून देतो. दुबार पेरणीचे बियाणे, खत, मजुरी यांचा बोजा मात्र त्याच्या खात्यावर तसाच चढतो. या शास्त्राच्या ग्रंथांत निष्कर्षांची ये-जा इतक्या हलक्या हाताने वर्णिलेली असते की त्या निष्कर्षावर कुणी काही कृती केली असेल, ही गोष्टच नजरेआड होते. म्हणून गृहीतावर चालण्याची मुभा किती सैल असावी हे, त्यावर होणारी कृती किती परतवता येते, यावरून ठरले पाहिजे. दप्तराने निदान एका बाबतीत हे तारतम्य राखले आहे. विदर्भात खरिपाची पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, आधी नजरअंदाज म्हणून निघते, मग सुधारित, आणि वर्षाच्या अखेरीस अंतिम. पन्नास पैशांच्या आत-बाहेरचा निर्णय, ज्यावर गावाच्या सवलती अवलंबून, पहिल्या नजरेवर शेवटचा केला जात नाही. तिच्या आकड्यांविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी जुन्या आहेत आणि पुष्कळदा वाजवी आहेत. परंतु एकाच हंगामाविषयी शासनाने तीनदा बोलावे आणि आधीचे बोलणे उघडपणे बदलण्याची तयारी ठेवावी, ही रचना स्वतः शहाणपणाची आहे.

जुना हस्तलिखित सात-बारा हाती घेऊन पाहावा. भोगवटादाराच्या रकान्यात एकाखाली एक नावे असतात. जे नाव गेले ते खोडून नाहीसे केलेले नसते. त्याला कंस केलेला असतो, आणि शेजारी वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकाने फेरफाराच्या नोंदवहीत जावे तर तेथे कारण सापडते: वारस, वाटणी, खरेदी, कोर्टाचा हुकूम, कोणाला नोटीस गेली, हरकत आली की नाही, प्रमाणित कोणी व कधी केले. हरकत आली असेल तर तक्रारी केसेसची नोंदवही निराळी. म्हणजे मागे घेतलेला निष्कर्षही येथे जपलेला आहे, तो का मागे घेतला हेही जपलेले आहे, आणि उद्या ते कारणच खोटे ठरले, तो तरुण खरोखर परत आला, तर कंसातले नाव कोणत्या वाटेने बाहेर काढायचे हेही ठरलेले आहे. 1979 साली जॉन डॉइलने यंत्रासाठी जी सत्यरक्षण-व्यवस्था रचली तिचे मर्म तंतोतंत हेच होते: प्रत्येक श्रद्धेबरोबर तिची कारणे नोंदवा, म्हणजे एक कारण कोसळले असता केवळ त्यावर उभे असलेले तेवढेच पाडता येईल, सबंध इमारत नव्हे. डॉइलच्या यंत्राला नसलेली एक गोष्टही या वर्तुळातल्या आकड्यात आहे. कारणाबरोबर तेथे जबाबदार माणूसही नोंदलेला आहे.

ही व्यवस्था निर्दोष होती असे कोण म्हणेल? नोटिसा घरी न पोहोचता पोहोचल्याचे दाखले होत, हरकतीची मुदत अडाणी विधवेच्या नकळत उलटे, आणि जवळच्या माणसांनीच तिचे नाव कंसात टाकलेले तिला वर्षांनी कळे. पण ज्या दिवशी कळे त्या दिवशी तिला बोट ठेवायला एक क्रमांक तरी होता.

संगणकीकृत याद्यांच्या काळात हा क्रमांक हरवू लागला आहे, आणि त्याचे एक नेमके तार्किक कारण आहे. 1978 साली रायटरनेच विदागारांविषयी एक तत्त्व स्पष्ट करून सांगितले, त्याला बंद जगाचे गृहीत म्हणतात: जे यादीत नाही ते नाहीच असे समजावे. रेल्वेच्या वेळापत्रकात अकोल्याहून चारची गाडी छापलेली नसेल, तर ती नाही, असेच आपण समजतो आणि योग्य समजतो. कारण वेळापत्रक पूर्ण असेल याची हमी ते छापणाऱ्याने घेतलेली असते. हे गृहीत यादीच्या पूर्णतेवर जगते. यादी पूर्ण नसेल तर ‘मला माहीत नाही’ आणि ‘असे नाही’ ही दोन सर्वस्वी भिन्न वाक्ये एक होऊन जातात. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. जी नोंद पूर्वी तलाठी करी ती खातेदाराने आपल्या मोबाइलवरून, शेतात उभे राहून, पिकाच्या छायाचित्रासह करावी, अशी ती योजना आहे. तिच्यामागचा हेतू स्तुत्य आहे. शेतकऱ्याच्या पिकाविषयी पहिला शब्द शेतकऱ्याचा असावा, याला कोण नाही म्हणेल. पण ज्याच्याजवळ तसा फोन नाही, ज्याच्या शिवारात रेंज नाही, ज्याला मुदत कळली नाही, त्याचा रकाना कोरा राहू शकतो. कोऱ्या रकान्याचा खरा अर्थ एवढाच, की नोंद झालेली नाही. पुढे दुसऱ्या टोकाला बसलेली प्रणाली त्याचा अर्थ ‘पीक नाही’ असा करू लागली, तर कमरेइतकी वाढलेली तूर डोळ्यांसमोर डोलत असताना कागदावर ती जमीन पडीत ठरेल. येथे यंत्राने तर्कात चूक केलेली नसते. ज्याच्या पूर्णतेची हमी कुणीच घेतली नव्हती अशा यादीला त्याने पूर्ण मानले, आणि हे मानण्याची परवानगी त्याला माणसांनी दिली.

असे गृहीत कुणाच्या बाजूने झुकावे, हा प्रश्न तांत्रिक नाही. 1986 साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील मारेक सेरगॉट, रॉबर्ट कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनचा 1981 चा नागरिकत्वाचा कायदा तर्कशास्त्रीय आज्ञावलीत उतरवला. त्या कायद्यात, देशात टाकून दिलेले सापडलेले नवजात मूल, उलट दिसून येईपर्यंत, तेथेच आणि योग्य आईबापांच्या पोटी जन्मलेले मानावे, अशी तरतूद आहे. कागद नसलेल्या त्या मुलाविषयीचे अज्ञान कायद्याने मुलाच्या पदरी टाकले नाही. आक्षेप घेणाऱ्याच्या पदरी टाकले. अज्ञान दोन्हीकडे सारखेच असते, भार कोणी वाहायचा एवढेच ठरवायचे असते, आणि ते ठरविणे न्यायाचे काम आहे. प्रणाली लिहिणाऱ्याने रकान्याची मूळ किंमत ‘नाही’ अशी ठेवली, म्हणजे त्याने नकळत हा न्याय केलेला असतो; फक्त त्या न्यायाची कैफियत कुणी मागितलेली नसते.

या ठिकाणी असा आक्षेप घेतला जाईल की हा सगळा नियम-अपवादांचा संसार आता जुना झाला. ज्यूडिया पर्लने 1988 साली संभाव्यतेच्या गणिताने अनिश्चिततेचा विचार कसा करावा हे दाखविले, आणि आजची अजस्र भाषायंत्रे तर नियम न लिहिताच अब्जावधी वाक्यांवरून सराव करून उत्तरे देतात. आक्षेपात बळ आहे. व्यवहारी शहाणपणाचा जो साठा हाताने लिहून कधी संपला नसता तो या यंत्रांनी बराचसा आत्मसात केला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु संभाव्यता आणि गृहीत या दोन गोष्टी एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, हे हेन्री कायबर्गने 1961 साली सोडतीच्या उदाहरणाने दाखवून ठेवले आहे: हजारो तिकिटांच्या सोडतीत प्रत्येक तिकिटाविषयी ‘याला बक्षीस लागणार नाही’ असे मानणे योग्य, आणि तरीही कोणत्याच तिकिटाला लागणार नाही असे मानणे उघड खोटे. कारंजा तालुक्यातला प्रत्येक सात-बारा खरा मानून चालणे तहसीलदाराला बंधनकारक आहे. परंतु तालुक्याच्या सबंध दप्तरात एकही चूक नाही, असे त्याने मानले तर त्याला त्या जागेवर बसविणाऱ्याचीच चौकशी करावी लागेल. नोंदी खऱ्या असण्याची संभाव्यता कितीही बारकाईने काढली तरी तिच्यातून खातेदाराचा हक्क निघत नाही. हक्क निघतो तो, विरुद्ध पुरावा आणीपर्यंत मला धनी मानलेच पाहिजे, या बंधनातून. नव्वद टक्के धनी असा माणूस कुठल्याही गावात राहत नाही.

आणि आधार जपण्याच्या बाबतीत ही नवी यंत्रे डॉइलच्या यंत्राच्याही मागे आहेत. त्यांना चूक दाखविली तर ती तत्परतेने उत्तर बदलतात, आणि बरोबर उत्तरावर उगाच शंका घेतली तरी तितक्याच तत्परतेने बदलू शकतात. निष्कर्ष मागे घेण्याची तयारी म्हणजे वाऱ्यासरशी फिरणे नव्हे. सरित क्राउस, डॅनिएल लेमन आणि मेनाकेम मॅगिडोर यांनी 1990 साली अशा तर्काची जी किमान शिस्त सांगितली तिच्यातला एक नियम असा, की जे आपण आधीच अपेक्षित धरले होते तेच प्रत्यक्षात आढळले, तर आधीचे इतर निष्कर्ष सोडायचे कारण नाही. मागे घेण्यालाही कारण लागते. कारणाशिवाय न हलणे आणि कारण मिळताच न अडणे, हे दोन्ही मिळून हा तर्क होतो, आणि या दोहोंसाठी कारणे कुठे तरी लिहिलेली असावी लागतात.

पुरावा अधिनियमाचा मसुदा करणाऱ्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने 1872 सालीच गृहीतांच्या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या होत्या: न्यायालयाला मानता येईल असे, उलट सिद्ध होईपर्यंत मानलेच पाहिजे असे, आणि ज्याच्या विरुद्ध पुरावा ऐकूनच घ्यायचा नाही असे निर्णायक. सात-बारा दुसऱ्या पायरीवर आहे. संगणकाने काढलेली पात्र-अपात्रांची यादी कोणत्या पायरीवर, हे बहुधा कोणी ठरविलेलेच नसते. व्यवहारात मात्र ती तिसऱ्या पायरीवर जाऊन बसते, कारण खिडकीपलीकडच्या कारकुनाला पडद्यावरचा ‘अपात्र’ हा शब्द बदलण्याचा अधिकार नसतो आणि तो का उमटला हे त्याला दिसत नसते. माझी मागणी अशी आहे की कोणत्याही यंत्राचा निष्कर्ष, तो कितीही कुशाग्र असो, कायद्याने पहिल्या पायरीवर, म्हणजे केवळ ‘मानता येईल’ या पायरीवर ठेवावा. ‘अपात्र’ या शब्दाशेजारी तो कोणत्या रकान्यावरून निघाला हे मराठीत छापावे. रकाना कोरा असल्यास ‘माहिती नाही’ असेच लिहावे, ‘नाही’ असे लिहू नये. ती माहिती मिळविण्याचा भार आधी कार्यालयावर असावा. आणि धनजच्या खातेदाराची हरकत, फोन असो वा नसो, त्याच्याच गावी तलाठ्याकडे, साध्या कागदावर, तारीखवार पोच देऊन घेतली जावी, आणि त्या पोचेवर हरकतीचा क्रमांक असावा.